घरच्या उबवणी पेटीत पिल्लं कवचातच मरतात: कारण कसं शोधायचं

सातव्या दिवशी बॅटरी लावून बघितलं तर अंड्यात लाल शिरांचं जाळं. अठराव्या दिवशी आत हालचाल. आणि एकविसाव्या दिवशी निम्मी अंडी गप्प. फोडल्यावर पूर्ण वाढलेलं पिल्लू आत मेलेलं सापडतं. मग पुढच्या खेपेला तापमान अर्धा अंश वाढवलं जातं, त्याच्या पुढच्या खेपेला पाणी जास्त ठेवलं जातं, नंतर छिद्रं बुजवली जातात. निकाल दर वेळी वेगळा येतो, पण चांगला येत नाही, कारण नेमकं काय बिघडलं होतं हे तपासलेलंच नसतं.

ही माहिती ५० ते ६० गावरान अंड्यांच्या पेटीसाठी आहे. थर्माकोलची किंवा प्लायवूडची पेटी, फिलामेंटचे दोन बल्ब, १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा फॅन, डब्ल्यू-१२०९ किंवा तसाच तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारा स्वस्त कंट्रोलर आणि पाण्याची ताटली. अशा पेटीत यंत्र बिघडण्यापेक्षा मोजमाप चुकण्याचं प्रमाण खूप जास्त आहे. दुसरी गोष्ट मराठवाड्यापुरती: वर्षभर एकाच सेटिंगवर पेटी चालवली तर ती एखाद्याच ऋतूत नीट चालेल.

फॅन असलेल्या पेटीत अंड्यांच्या उंचीवर ३७.५ अंश सेल्सियस तापमान हवं. फॅन नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीवर ३८.३ ते ३८.९, कारण तिथे वर आणि खाली तापमानात फरक पडतो. पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. हे आकडे पक्के धरा. पुढचं सगळं तुमची पेटी खरोखर या आकड्यांवर आहे का हे शोधण्यासाठी आहे.

आधी न फुटलेली अंडी फोडा

तेविसाव्या दिवशी न फुटलेली अंडी फेकू नका. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, बोथट टोकाकडून एकेक फोडा आणि काय दिसतं ते वहीत लिहा. अंडं पेटीत कोणत्या कोपऱ्यात होतं तेही लिहा. या एका कामातून अर्धं निदान होतं.

आत बलक तसाच, शिरांचा मागमूस नाही: बीजच धरलेलं नव्हतं. पेटीचा दोष नाही.

बलकाभोवती रक्ताचं कडं: गर्भ पहिल्या चार-पाच दिवसांत मेला. साठवणुकीत अंडी तापली, फार जुनी झाली, किंवा सुरुवातीलाच पेटी जास्त तापली.

पूर्ण वाढलेलं पिल्लू, आतला पापुद्रा कोरडा, चामड्यासारखा, पिल्लाला चिकटलेला: आर्द्रता कमी पडली. कवचाला चीर पाडून तिथेच थांबलेली पिल्लंही बहुतेक यातलीच.

पूर्ण वाढलेलं पिल्लू, पण अंगाभोवती चिकट पाणी आणि हवेची पोकळी लहान: आर्द्रता जास्त झाली. अशी पिल्लं अक्षरशः आत बुडतात.

एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच पिल्लं बाहेर, अंगाने बारीक, बेंबी न मिटलेली: तापमान जास्त.

बाविसाव्या-तेविसाव्या दिवसापर्यंत रेंगाळणारी फूट, पोट मोठं आणि मऊ, पायात जोर नाही: तापमान कमी.

मेलेली अंडी एकाच कोपऱ्यातली: हवा फिरत नाही.

पिल्लू सुदृढ, चोच हवेच्या पोकळीत शिरलेली, आणि अशी अंडी पेटीभर: शेवटच्या दिवसांत हवा कोंडली, किंवा काही तासांसाठी तापमान एकदम चढलं.

डोकं निमुळत्या टोकाकडे: अंडी उलटी ठेवली होती.

दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर ज्याची अंडी सर्वात जास्त त्यापासून सुरू करा, आणि एका खेपेला एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावं लागतं.

अंडी आणि खुडूक कोंबडी

पैसे न लागणारी पहिली तपासणी: त्याच दिवशी गोळा केलेल्या अंड्यांतली दहा अंडी खुडूक कोंबडीखाली बसवा, बाकीची पेटीत. कोंबडीखालचीही वाया गेली तर पेटीला हात लावू नका, दोष अंड्यांत आहे. कोंबडीखालून आठ-नऊ पिल्लं निघाली आणि पेटीतून निम्मीच, तर दोष पेटीत. खुडूक मिळाली तर ही तपासणी वगळू नका, कारण पुढचा सगळा खर्च तिच्यावर ठरतो.

अंड्यांतला दोष मराठवाड्यात बहुधा साठवणुकीचा असतो. साधारण २० ते २१ अंशांच्या वर गर्भाची वाढ थोडी थोडी सुरू होते. एप्रिलमध्ये घरात ३५ अंश असताना टोपलीत सहा दिवस ठेवलेलं अंडं धड वाढतही नाही आणि धड थांबतही नाही. पेटीत घालेपर्यंत आतला जीव थकलेला असतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्ताचं कडं तयार होतं. हिवाळ्यात सात दिवसांपर्यंतची अंडी चालतात, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांच्या वरची घेऊ नका.

थंड जागा हवी असेल तर सावलीत ओल्या वाळूत माठ रोवा, आत कोरडं भुसकट टाकून अंडी निमुळतं टोक खाली करून ठेवा आणि तोंडावर ओलं फडकं बांधा. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे माठ खोलीपेक्षा चांगलाच गार राहतो. अंडी मात्र ओली होऊ देऊ नका. फ्रिजचे ४-५ अंश फार थंड, शिवाय बाहेर काढल्यावर अंड्याला घाम सुटतो आणि कवचावरचे जंतू त्या ओलाव्याबरोबर आत शिरतात. त्याच कारणाने घाणेरडी अंडी धुऊन पेटीत घालू नयेत, ती बाजूलाच काढावीत. मोटारसायकलवरून आणलेली अंडी पेटीत जाण्याआधी एक दिवस शांत ठेवा.

सातव्या दिवशी बरीच अंडी रिकामी दिसली तर कोंबडा बघा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरुण कोंबडा हवा. कडक उन्हात त्याचीही क्षमता घटते.

छिद्रं उघडी आहेत का

हे बघायला एक मिनिट लागतं, आणि शेवटच्या तीन दिवसांत मेलेल्या पिल्लांमागे हे कारण फार वेळा निघतं. आर्द्रता ६५ च्या वर नेण्यासाठी लोक अठराव्या दिवशी छिद्रांवर चिकटपट्टी लावतात. काट्यावर आर्द्रता चढते खरी, पण याच दिवसांत पिल्लाला सर्वात जास्त प्राणवायू लागतो. चोच हवेच्या पोकळीत शिरून ते फुप्फुसाने श्वास घ्यायला लागलेलं असतं. पन्नास अंड्यांचा कार्बन डायऑक्साइड बंद पेटीत साठला की कवच फोडायची ताकद उरत नाही.

साधारण १२ मिलिमीटरची दोन छिद्रं खाली आणि दोन वर समोरच्या बाजूला असावीत. अठराव्या दिवशी ती पूर्ण उघडी ठेवा. आर्द्रता पाण्याचा पृष्ठभाग वाढवून मिळवा, हवा अडवून नाही.

कंट्रोलरचं सेटिंग

डब्ल्यू-१२०९ नवीन येतो तेव्हा त्यातला पी-१ हा आकडा २.० वर असतो. म्हणजे ३७.५ ला बल्ब बंद होतो आणि थेट ३५.५ ला पुन्हा लागतो. पेटी दिवसभर या दोन अंशांत हिंदकळते, सरासरी ३६.५ च्या आसपास राहते, आणि समोरून बघणाऱ्याला मधूनमधून ३७.५ दिसत असल्यामुळे सगळं ठीक वाटतं. बाविसाव्या दिवसापर्यंत रेंगाळणारी फूट आणि मऊ पोटं दिसली की सर्वात आधी हा आकडा बघा.

सेट बटण पाच सेकंद दाबून धरलं की पी-० दिसतो. तो एच वर असावा, म्हणजे बोर्ड तापवण्याचं काम करतो. अधिक बटणाने पी-१ वर जा आणि ०.२ किंवा ०.३ करा. पी-५ म्हणजे उशिरा चालू होण्याची मिनिटं, ती शून्य ठेवा.

सेन्सर खोटं बोलतो का

स्वस्त कंट्रोलरचा आकडा एक-दीड अंशाने चुकलेला असणं नेहमीचं आहे, आणि अंड्याला एक अंशाची चूक एकवीस दिवस सहन होत नाही. म्हणून ही तपासणी प्रत्येक खेपेआधी करा.

त्यासाठी घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर पुरतो. तो ३२ ते ४२ अंशांतच मोजतो, म्हणून नेमका आपल्या गरजेच्या पट्ट्यात तो अचूक असतो. थर्मासमध्ये साधारण ३८ अंशांचं पाणी घ्या. कंट्रोलरच्या सेन्सरचं धातूचं टोक आणि थर्मामीटरचं टोक रबराने एकत्र बांधून पाण्यात बुडवा, हलवत राहा. थर्मामीटरचा बीप वाजला की त्याच क्षणी दोन्ही आकडे लिहा. हे तीनदा करा आणि दर वेळी थर्मामीटर बंद करून परत सुरू करा, कारण तो चढलेला सर्वात जास्त आकडा धरून ठेवतो. कंट्रोलर ३८.९ आणि थर्मामीटर ३८.० दाखवत असेल तर पी-४ मध्ये, म्हणजे आकड्यातली चूक दुरुस्त करायच्या सेटिंगमध्ये, उणे ०.९ भरा.

ज्या कंट्रोलरला तापमान आणि आर्द्रतेचा एकत्र, जाळीचा सेन्सर असतो तो पाण्यात बुडवू नका, लगेच मरेल. तिथे थर्मामीटर सेन्सरशेजारी बांधून पेटी बंद करून बघा. मिळणारा आकडा त्या वेळातला सर्वात जास्त असेल हे लक्षात ठेवा. पाऱ्याचा थर्मामीटर पेटीत वापरू नका. फुटला तर पारा थर्माकोलच्या भेगांत जातो आणि पेटीच टाकून द्यावी लागते.

सेन्सर कुठे लटकतोय तेही तेवढंच महत्त्वाचं. तो अंड्यांच्या उंचीवर, पेटीच्या मधोमध, अंड्याला न टेकता आणि बल्बच्या थेट उजेडाबाहेर हवा. झाकणाजवळ लटकला तर वरची गरम हवा मोजतो, बल्ब लवकर बंद करतो आणि खाली अंडी गार राहतात.

आर्द्रतेचा काटा आणि तराजू

बाजारातले छोटे डिजिटल आर्द्रतामापक दहा टक्क्यांनीही चुकतात. तपासणी मिठाने करा. बाटलीच्या झाकणात जाडं मीठ घ्या, चमचाभर पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ६८ दाखवत असेल तर तो सात टक्के कमी दाखवतो, हे डब्यावरच लिहून ठेवा.

त्याहून भरवशाचा मार्ग स्वयंपाकघरातला वजनकाटा. अंड्यातलं पाणी योग्य वेगाने उडालं तर अठराव्या दिवसापर्यंत वजन साधारण १२ टक्क्यांनी घटतं आणि हवेची पोकळी हवी तेवढी होते. दहा अंड्यांवर पेन्सिलने खूण करून एकत्र तोला. गावरान दहा अंडी ४५० ग्रॅम भरली असं धरू. अठराव्या दिवशी ती ३९६ च्या आसपास हवीत, म्हणजे दहा अंड्यांमागे रोज तीन ग्रॅम घट. सातव्या दिवशी ४२९ अपेक्षित असताना ४३८ भरली तर पेटी ओली चालली आहे, पाणी कमी करा. ४१८ भरली तर पेटी कोरडी, पाणी वाढवा. मापक काहीही सांगो, शब्द वजनाचा धरा.

पाणी किती ठेवायचं हे ऋतू ठरवतो

इथे सर्वात जास्त चुका होतात. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता घटते. बाहेरची हवा पेटीत शिरून ३७.५ अंशांवर गेली की तिचा आकडा पूर्ण बदलतो.

पावसाळ्यात बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा पेटीत पाण्याचा थेंब नसतानाही ४७ टक्क्यांवर येते. त्यात अंड्यांतून उडणारं पाणी धरलं की पन्नाशी गाठलीच. म्हणजे श्रावण-भाद्रपदात पहिले १८ दिवस ताटली काढून ठेवावी लागते, निदान अगदी लहान करावी लागते. उन्हाळ्यातली भरलेली ताटली तशीच ठेवली की पिल्लं बुडालीच म्हणून समजा.

हिवाळ्यात बाहेर २५ अंश आणि ४० टक्के असतील तर पेटीत २० च्या आसपासच उरतात. एप्रिलच्या दुपारी ४० अंश आणि १५ टक्के असताना पेटीत साधारण १७. थंडीची हवा अंगाला तेवढी कोरडी वाटत नाही, पण अंड्याच्या दृष्टीने डिसेंबर आणि एप्रिल जवळपास सारखेच कोरडे. दोन्ही ऋतूंत पेटीच्या तळाच्या निम्म्याएवढा पाण्याचा पृष्ठभाग लागतो.

खोली नाही, पृष्ठभाग मोजा. एक खोल वाटी जेवढी आर्द्रता देते त्याच्या कितीतरी पट एक पसरट ताट देतं, पाणी तेवढंच असलं तरी. ताटात सुती फडकं उभं राहील असं ठेवलं तर पृष्ठभाग आणखी वाढतो. बोअरचं पाणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जड असतं. आठवडाभरात फडक्यावर पांढरा थर बसतो आणि ते पाणी वर ओढेनासं होतं. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी वापरा, नाहीतर फडकं दर चार दिवसांनी बदला. टाकायचं पाणी कोमट हवं, गार पाण्याने पेटी अर्धा तास खाली जाते.

अठराव्या दिवशी आर्द्रता ६५ वर नेल्यानंतर झाकण उघडू नका. एका पिल्लाला मदत करायला झाकण उघडलं की ओलसर हवा निघून जाते आणि बाजूच्या अंड्यांना नुकतीच चीर पाडलेल्या पिल्लांचा पापुद्रा वाळतो.

अंडी फिरवणं

पहिले १८ दिवस दिवसातून किमान तीनदा, शक्य असेल तर पाचदा. संख्या विषम ठेवा, म्हणजे रात्रीचा लांब वेळ रोज एकाच कुशीवर जात नाही. अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला की गोंधळ होत नाही. अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद.

बल्ब, व्होल्टेज आणि गेलेली लाईट

घड्याळ लावून बघा: दहा मिनिटांत बल्ब किती वेळ चालू असतो? तीन ते पाच मिनिटं असेल तर उत्तम. सतत चालू असेल तर ताकद कमी पडते. मिनिटभरच लागून पेटी ३८.५ च्या वर उसळत असेल तर बल्ब मोठा आहे. चांगल्या थर्माकोल पेटीला २५-२५ वॉटचे दोन पुरतात, उन्हाळ्यात एकच. उघड्या प्लायच्या पेटीतून उष्णता कितीतरी जास्त निसटते, थंडीत तिला ६०-६० वॉटचे दोन लागतात. त्यापेक्षा आतून थर्माकोलचं अस्तर लावलेलं बरं. दोन्ही बल्ब समांतर जोडा, म्हणजे एक उडाला तरी दुसरा खेप वाचवतो. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही, तो पुरेशी उष्णता देत नाही. बल्ब आणि थर्माकोल यांच्यात किमान दहा सेंटिमीटर अंतर हवं, आणि बल्ब व अंड्यांच्या मध्ये पत्र्याचा आडोसा.

शेतातल्या लाइनवर संध्याकाळी व्होल्टेज १६० पर्यंत पडत असेल तर बल्ब निम्म्याहून थोडीच जास्त उष्णता देतो. फॅनचा अडॅप्टर मात्र १०० ते २४० मध्ये १२ व्होल्ट देतच राहतो, म्हणून फॅन नीट फिरतो आणि संशय येत नाही. संध्याकाळी सात ते दहा बल्ब सतत चालू आणि पहाटे ठीक, असं दिसलं तर व्होल्टेजच तपासा. मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल तर वायरमनकडून मोजून घ्या.

लाईट गेली की काय करायचं हे दिवस कोणता आणि ऋतू कोणता यावर ठरतं. पहिल्या दोन आठवड्यांत, हिवाळ्यात, झाकण बंद ठेवून वर गोधडी टाका, छिद्रं मोकळी ठेवा. तीन-चार तास ३२ अंशांपर्यंत उतरलं तरी बहुतेक गर्भ तगतात, फूट थोडी लांबते इतकंच. शेवटच्या आठवड्यात अंडी स्वतः उष्णता देतात. उन्हाळ्यात फॅन बंद पडला तर मधली अंडी गार पडण्याऐवजी तापतात. तेव्हा झाकण बोटभर उघडं करा. गर्भाला गारठ्यापेक्षा उष्णता फार लवकर मारते: साडेचाळीस अंशांवर अर्धा तासही घातक ठरू शकतो. फॅनसाठी छोटी १२ व्होल्टची बॅटरी ठेवली तर निम्मी चिंता मिटते.

फॅन आणि मेलेला कोपरा

पेटी रिकामी चालवून चारही कोपऱ्यांत आणि मध्ये अंड्यांच्या उंचीवर तापमान मोजा. एकच थर्मामीटर पाच ठिकाणी फिरवला तरी चालतो, प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं द्या. फरक अर्ध्या अंशाच्या आत हवा. जास्त असेल तर फॅनचा झोत थेट अंड्यांवर सोडू नका, बल्बवरून भिंतीकडे वळवा म्हणजे हवा गोल फिरून येते. अंडी भिंतीला चिकटवून रचली तरी कोपरा मरतो, दोन बोटं जागा सोडा.

गरम, ओलसर हवेत साध्या फॅनचं तेल वाळतं. आधी तो घरघरतो, मग हळू होतो, मग एका रात्री थांबतो. घरघर ऐकू आली की खेप सुरू करण्याआधीच बदला, आणि बॉल बेअरिंगचा घ्या.

पेटी ३८ च्या वर आणि बल्ब बंद

एप्रिल-मे मध्ये परभणी, नांदेड, बीडकडे पारा ४२ च्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. अशा वेळी कंट्रोलर फक्त बल्ब बंद करू शकतो, गार करू शकत नाही. लोक कंट्रोलर बदलतात, सेन्सर बदलतात, पण हा बिघाड पेटीचा नाही, खोलीचा आहे. आमचा स्पष्ट सल्ला असा की एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत साध्या पेटीत अंडी बसवू नका.

बसवायचीच असतील तर पेटी माळवदाच्या घरात ठेवा. जाड मातीचं छत आणि पांढरीच्या मातीच्या भिंती दुपारीही खोली गार ठेवतात. नसेल तर कूलरच्या खोलीत, झोतापासून दूर. कूलरने खोलीची आर्द्रता ६५ टक्के आणि तापमान २९ झालं तर पेटीत पाण्याविनाच ४० टक्के मिळतात, त्या हिशेबाने ताटली लहान करा. दुसरा डब्ल्यू-१२०९ घेऊन पी-० सी वर, म्हणजे गार करण्याच्या कामावर, ठेवा, ३८ वर चालू होईल असा छोटा फॅन वरच्या छिद्राला बाहेर हवा फेकायला लावा. खोलीचं तापमान ३६ च्या खाली असेल तरच याचा उपयोग, नाहीतर तो गरम हवाच आत ओढेल. बर्फाच्या बाटल्या पेटीत ठेवू नका, त्यांच्या शेजारची अंडी गारठतात आणि लांबची तापतच राहतात. ओलं गोणपाट खिडकीला लावा, वायरी असलेल्या पेटीवर नाही.

रिले चिकटला तर

आकडा ३७.५ च्या वर गेला, बोर्डवरचा दिवा विझला, तरी बल्ब चालूच: रिलेचे, म्हणजे बोर्डवरच्या बल्ब चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, संपर्क जळून चिकटले आहेत. टिचकी मारल्यावर सुटतो, म्हणून लोक तसाच वापरतात. पुढच्या वेळी तो रात्री चिकटतो आणि सकाळी अंडी शिजलेली असतात. बोर्ड बदलाच, आणि बल्बच्या वायरीत दुसरा थर्मोस्टॅट ३८.५ वर एकापुढे एक जोडून घ्या, म्हणजे पहिला अडकला तरी दुसरा तोडतो. ही जोडणी २३० व्होल्टची आहे. पूर्वी केलेली नसेल तर इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

इथे थांबा

पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, जळका वास आला, होल्डर वितळला किंवा पेटी लावताच एमसीबी पडला तर पिन काढा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत परत लावू नका. पेटीत पाणी आणि वीज शेजारी असतात, म्हणून त्या लाइनवर अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) दोन्ही हवेत. अडॅप्टर उघडून दुरुस्त करू नका, बंद केल्यावरही त्यात विजेचा साठा राहतो.

अंडी पेटीत फुटून घाण वास येत असेल, पिल्लांची बेंबी सुजून ओली राहत असेल, किंवा पहिल्या आठवड्यात पांढरी चिकट हगवण होऊन पिल्लं मरत असतील तर हा रोगाचा मामला आहे. पुलोरम हा रोग कोंबडीकडून अंड्यातून पिल्लात उतरतो, तापमान कितीही नीट केलं तरी थांबत नाही. त्या कळपाची अंडी बसवणं बंद करा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. आपल्या मनाने पाण्यात अँटिबायोटिक टाकू नका, त्याने रोग दबतो आणि तपासणीत सापडत नाही. पेटी निर्जंतुक करायला घरात पोटॅशियम परमँगनेट आणि फॉर्मेलिनचा धूर करू नका, तो वायू डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करतो. साबणाने धुणं आणि कडक ऊन पुरेसं आहे.

सगळ्या तपासण्या होऊनही लागोपाठ दोन खेपा गेल्या, आणि खुडूक कोंबडीखालचीही अंडी वाया गेली, तर नुकतंच मेलेलं पिल्लू आणि चार-पाच न फुटलेली अंडी प्लास्टिकच्या पिशवीत, बाहेरून बर्फ लावून, त्याच दिवशी तपासणीला न्या. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सोबत वहीतली पानं न्या: अंडी कधीची, वजन किती घटलं, कोणत्या कोपऱ्यातली मेली, लाईट कधी गेली होती.